मायनर नाइन, इलेव्हन, थर्टीन: पियानोवर कोणते स्वर ठेवायचे, कोणते गाळायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: मायनर आणि मायनर सेव्हन या कॉर्ड वाजवता येतात. पण जॅझच्या लीड शीटवर (चाल आणि वर कॉर्डची नावं एवढंच लिहिलेला कागद) मायनर नाइन, इलेव्हन, थर्टीन, सिक्स-नाइन अशी नावं आली की सगळे स्वर एकावर एक रचायला जावं लागतं. तेवढ्याला हात पुरत नाही, आणि पुरला तरी नुसता गोंगाट होतो. मग या कॉर्ड समजून कशा घ्यायच्या आणि वाजवायच्या कशा?

कॉर्डच्या नावातला मोठा आकडा पाहून घाबरू नका. 'थर्टीन' लिहिलं म्हणजे तळापासून तेराव्यापर्यंतचा प्रत्येक स्वर वाजवलाच पाहिजे, असं कोणीही जॅझवादक समजत नाही. त्या रंगापर्यंत जायला हरकत नाही, एवढंच तो आकडा सांगतो. कोणता स्वर ठेवायचा हे ती मायनर कॉर्ड गाण्यात काय काम करते आहे त्यावरून ठरतं. आणि कॉर्ड स्वच्छ वाजते की नाही, ते स्वर एकमेकांपासून किती लांब ठेवलेत त्यावर अवलंबून असतं. या दोन गोष्टी हातात बसल्या की उरलेलं सगळं सवयीचं काम आहे.

आपल्याकडे पियानोकडे वळलेले बरेच जण हार्मोनियमवरून येतात, म्हणून सरगमच्या भाषेतच सांगतो. पांढरी दोन, म्हणजे डी, हा सा धरा. डी, एफ, ए, सी हे झाले सा, कोमल ग, प, कोमल नी. ही डी मायनर सेव्हन. आता सप्तक ओलांडून मोजणी तशीच पुढे न्या: वरचा रे म्हणजे ई हा नववा, वरचा म म्हणजे जी हा अकरावा, वरचा ध म्हणजे बी हा तेरावा. नाइन, इलेव्हन, थर्टीन म्हणजे अनुक्रमे रे, म, ध. बस, एवढंच.

डी मायनर थर्टीन पूर्ण लिहून काढली तर डी, एफ, ए, सी, ई, जी, बी असे सातही स्वर येतात. पियानोवरच्या सगळ्या पांढऱ्या पट्ट्या! म्हणजे सा पांढरी दोनला धरून अख्खा काफी थाट, ज्याला जॅझवाले डोरियन म्हणतात. अख्खा थाट एकाच वेळी दाबला तर त्यातून कुठलाच रंग वेगळा ऐकू येणार नाही. म्हणून काही स्वर गाळणं हा या कॉर्ड वाजवण्याचाच भाग आहे, हात लहान असल्यामुळे केलेली तडजोड नाही.

हार्मोनियमवाल्यांसाठी एक सूचना. इथे सा दर कॉर्डला बदलतो. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला हे सुरुवातीला जड जातं. सी मायनरला सी हा सा, पुढच्या मात्रेवर एफ सेव्हन आली की एफ हा सा. मनातल्या मनात सा हलवण्याची सवय लागेपर्यंत हळू वाजवा.

लिहिण्याच्या खुणांबद्दल थोडक्यात. एकच मायनर कॉर्ड कुठे छोट्या 'एम'ने, कुठे 'मिन' असं लिहून, तर कुठे नुसत्या उणे चिन्हाने दाखवतात. तिन्हींचा अर्थ एक. बाजूला त्रिकोण असेल तर सातवा स्वर शुद्ध नी घ्यायचा. 'मायनर नाइन' म्हटलं की त्यात कोमल नी गृहीत असतो. 'ॲड नाइन' म्हटलं तर नी नाही, फक्त मायनर कॉर्ड आणि रे.

एका बोटावर तीन कॉर्ड

पुढचं वाचण्याआधी हे वाजवून बघा. डाव्या हाताने मधल्या सीच्या लगेच खालच्या सप्तकातला डी आणि त्याच्या वरचा मधला सी. उजव्या हाताने मधल्या सीच्या वरचा एफ अंगठ्याने, त्याच्या वरचा ए मधल्या बोटाने आणि त्याच्याही वरचा ई करंगळीने. ही डी मायनर नाइन.

आता डाव्या हाताला, उजव्या अंगठ्याला आणि करंगळीला मुळीच हलवू नका. फक्त मधला ए सोडून त्या जागी जी घ्या. झाली मायनर इलेव्हन. मग जी सोडून बी घ्या. झाली मायनर थर्टीन.

हे दहा-वीस वेळा सावकाश करा आणि फक्त त्या मधल्या स्वराकडे कान द्या. ए असताना कॉर्ड भरीव आणि घरगुती वाटते. जी आला की ती मोकळी होते, हवेशीर होते, कारण कोमल ग आणि म शेजारी शेजारी असूनही त्यांच्यात पूर्ण सुराचं अंतर आहे आणि ते बोचत नाही. मेजर कॉर्डमध्ये अकरावा स्वर टाळतात, त्याचं कारण इथेच कळतं: तिथे शुद्ध ग आणि म यांच्यात अर्ध्याच सुराचं अंतर असतं आणि म वर ठेवला की घासतो. मायनरला ती अडचण नाही. माझ्या मते मायनर कॉर्डचा सगळ्यात देखणा वाढीव स्वर हा अकरावाच. नववा सगळे शिकवतात, अकराव्याला मात्र उगाच अवघड समजून मागे ठेवतात.

बी घेतल्यावर काय होतं तेही ऐका. कॉर्ड थांबायला तयार नसते, तिला पुढे जायचं असतं. का, ते बघायला उजवा हात तसाच ठेवा (एफ, बी, ई) आणि डाव्या हाताने डी आणि सी दोन्ही सोडून खाली फक्त जी वाजवा. ही जी थर्टीन आहे, म्हणजे डी मायनरनंतर हमखास येणारी डॉमिनंट कॉर्ड. एफ आणि बी यांच्यातलं सा ते तीव्र म एवढं अंतर, म्हणजे ट्रायटोन, हा जी सेव्हनचा जीव. तो तुम्ही डी मायनरवरच वाजवून टाकला तर पुढे जी सेव्हन येण्यात नवं काही राहत नाही. टू-फाइव्ह-वन (पट्टीच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या कॉर्ड ओळीने, सी मेजरमध्ये डी मायनर, जी सेव्हन, सी) या क्रमात टू कॉर्डवर तेरावा जपून वापरायचा तो यासाठी. नववा आणि अकरावा मात्र खुशाल वापरा.

या मांडणीत आपण कुठले स्वर कायम ठेवले? सा, कोमल नी, कोमल ग आणि माथ्यावर रे. कॉर्ड मायनर आहे हे ग सांगतो आणि ती सेव्हन जातीची आहे हे नी सांगतो. सगळ्यात आधी गेला तो पंचम. मेजर असो की मायनर, पंचम तोच असतो, त्यामुळे तो काही नवीन सांगत नाही. शिवाय सा वाजला की त्याच्या उपस्वरांत पंचम आपोआप मिसळलेला असतो. अपवाद एकच: मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह. तिथे पंचमच उतरलेला असतो आणि तीच तिची ओळख असते, म्हणून तो गाळता येत नाही.

गोंगाट कुठून येतो

गोंगाट बहुतेक वेळा स्वर चुकल्यामुळे होत नाही, ते फार खाली आणि फार जवळ वाजवल्यामुळे होतो. मधल्या सीच्या लगेच वरचा डी साधारण २९३.७ हर्ट्झचा, त्याच्या वरचा एफ ३४९.२ हर्ट्झचा. दोघांत ५५ हर्ट्झच्या आसपास फरक आहे आणि कानाला दोन स्वर वेगळे कळतात. तेच दोन स्वर दोन सप्तकं खाली वाजवा: ७३.४ आणि ८७.३. फरक उरला जेमतेम १४ हर्ट्झ. एवढ्या कमी फरकाची कंपनं कान वेगळी करू शकत नाही, त्याला नुसती घरघर ऐकू येते. कॉर्ड तीच असते, तरी वर गोड आणि खाली चिखल.

म्हणून मी शिकवताना हद्द घालून देतो. मधल्या सीच्या एक सप्तक खालचा जो सी आहे, त्याच्या खाली ग एवढं किंवा त्याहून कमी अंतर घ्यायचं नाही. तिथे सा-प चालतो, सा-नी चालतो, सप्तक चालतं. रे, ग, म, ध या रंगाच्या गोष्टी वर, मधल्या सीच्या आसपास. डिजिटल पियानोच्या लहान स्पीकरवर हा नियम आणखी कडक पाळा.

सा सोडून देणं

बँडमध्ये बास वाजवणारा असेल तर सा त्याच्याकडे आहे. तुम्ही तोच स्वर खाली वाजवलात तर दोघांचीही अडचण होते. १९५० च्या दशकात रेड गार्लंड, विंटन केली, बिल एव्हान्स या पियानोवादकांच्या डाव्या हातात जी मांडणी रुळली, ती सा नसलेली. डी मायनर नाइनसाठी तिची दोन रूपं आहेत. पहिलं एफ, ए, सी, ई. दुसरं सी, ई, एफ, ए. पहिल्यात कोमल ग तळाला, दुसऱ्यात कोमल नी तळाला. चार स्वर तेच, फक्त वरची जोडी उचलून खाली ठेवलेली. तरी आवाज फार निराळा, कारण दुसऱ्या रूपात ई आणि एफ मधोमध चिकटतात आणि कॉर्डला एक हलकीशी धार येते.

पहिल्या रूपाकडे नीट बघा: एफ, ए, सी, ई म्हणजे एफ मेजर सेव्हनच की! हे लक्षात आलं की निम्मं पाठांतर वाचतं. कुठलीही मायनर नाइन हवी असेल तर तिच्या कोमल गवरची मेजर सेव्हन डाव्या हातात धरा. सी मायनर नाइनसाठी ई♭ मेजर सेव्हन, जी मायनर नाइनसाठी बी♭ मेजर सेव्हन. त्याच धर्तीवर उजव्या हातासाठी आणखी एक: सी, ई, जी ही साधी सी मेजर डी मायनरवर वाजवली तर कोमल नी, रे, म मिळतात. म्हणजे सापासून एक पूर्ण सूर खाली असलेली मेजर त्रयी उजव्या हातात घेतली की मायनर इलेव्हन तयार.

एकटे वाजवत असाल तर मात्र सा हवाच. बास नसताना नुसतं एफ, ए, सी, ई वाजवलं तर ऐकणाऱ्याला एफ मेजरच ऐकू येणार. अशा वेळी डाव्या हाताने खाली डी वाजवा, पेडलवर धरा आणि मग वरचे चार स्वर घ्या. किंवा ते चार स्वर उजव्या हाताकडे द्या.

या मांडणीचं खरं सुख पुढच्या कॉर्डला जाताना मिळतं. डी मायनर नाइन (एफ, ए, सी, ई) वाजवून फक्त सीचा बी करा: एफ, ए, बी, ई. ही जी थर्टीन. एकच बोट, तेही अर्ध्या सुराने. तिथून सी मेजर नाइनला जायला बी तिथेच ठेवा आणि उरलेले तीन स्वर एकेक पायरी खाली आणा: ई, जी, बी, डी. हात जागचा जवळजवळ हलतच नाही.

ही मायनर कोणती?

मायनर कॉर्ड दिसली की मी विद्यार्थ्याला पहिला प्रश्न हाच विचारतो. सी मेजरच्या गाण्यात डी मायनर, ई मायनर आणि ए मायनर तिन्ही येतात, पण प्रत्येकीचा थाट वेगळा. डी मायनरला काफी, तिचं वर बोललो. ए मायनरला आसावरी: नववा आणि अकरावा उत्तम, पण तेरावा इथे कोमल ध, पंचमाच्या डोक्यावर अर्ध्या सुराने बसलेला, म्हणून टाळायचा. ई मायनरला भैरवी: इथे तर रेच कोमल. सावर कोमल रे वरच्या सप्तकात ठेवून वाजवा, लगेच कळेल की तो का नको. ई मायनरला अकरावा घ्या आणि पुढे चला. थाटांची नावं मी फक्त स्वरांचा संच चटकन आठवावा म्हणून देतोय. रागाचं चलन इथे आणायचं नाही.

चौथी मायनर सगळ्यांत महत्त्वाची: गाणंच मायनरमध्ये असेल तर ज्या कॉर्डवर ते घरी येतं ती. तिला कोमल नी लावला तर ती टू कॉर्डसारखी वाटते, पुढे निघाल्यासारखी. म्हणून घरच्या मायनरला बहुतेक वेळा शुद्ध ध देतात, ती मायनर सिक्स. त्यात रे घातला की सिक्स-नाइन. किंवा शुद्ध नी देतात, ती मायनर-मेजर सेव्हन. स्वरांचा संच बघितला तर हा पटदीपचा: कोमल ग, बाकी सगळे शुद्ध. पटदीप कानात असलेल्या माणसाला कोमल ग आणि शुद्ध नी यांच्यातली ती हुरहूर वेगळी शिकवावी लागत नाही.

जी मायनर सिक्स-नाइनची माझी सगळ्यांत आवडती मांडणी: बी♭, ई, ए, डी. डाव्या हाताने बी♭, ई, ए आणि उजव्याने डी, किंवा हात मोठा असेल तर चारही डाव्यात. खाली बासला जी. ही मांडणी पाठ करून ठेवावी, कारण बास बदलला की ती चार घरी चालते. खाली सी आला तर हीच सी थर्टीन. खाली एफ♯ आला तर हीच एफ♯ सेव्हन, तीही वाढलेला नववा आणि वाढलेला पंचम घेऊन आलेली तिखट कॉर्ड. खाली बी♭च ठेवला तर बी♭ मेजर सेव्हन, तीव्र मध्यमासकट. चार नावं वेगवेगळी पाठ करणारा विद्यार्थी वर्षभर चाचपडतो, आणि एक आकार ओळखणारा चटकन पुढे जातो.

चौथ्यांवर रचलेली मायनर

आतापर्यंतची रचना सा-ग-प-नी अशी एक सोडून एक होती. दुसरी रीत म्हणजे सा-म अशा चौथ्यांच्या अंतराने रचणं. तिचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या ३० व्या स्ट्रीटवरील स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं: ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बममधलं 'सो व्हॉट', पियानोवर बिल एव्हान्स. बास आधी एक वाक्य म्हणतो आणि दोन कॉर्ड त्याला उत्तर देतात. त्या दोन कॉर्ड अशा:

पहिली: ई, ए, डी, जी, बी
दुसरी: डी, जी, सी, एफ, ए

खालून तीन वेळा चौथ्याचं अंतर, आणि सगळ्यांत वर शुद्ध ग एवढं. दुसरी कॉर्ड म्हणजे पहिलीच, तशीच्या तशी एक सूर खाली सरकवलेली. दोन्हींत मिळून डी काफीचे सातही स्वर येतात. आता डी हा सा धरून सरगममध्ये बघा. पहिली: रे, प, सा, म, ध. दुसरी: सा, म, नी, ग, प. पहिलीत ग नाही आणि नीही नाही! म्हणजे मघाशी ज्या दोन स्वरांना मी कॉर्डची ओळख म्हटलं, तेच इथे गायब. तरी ती डी मायनरचीच वाटते, कारण बासने वातावरण आधीच उभं केलेलं असतं आणि दुसरी कॉर्ड लगेच ग आणि नी आणून देते. पहिलीत अधांतर, दुसरीत टेकणं. आणि पहिलीच्या माथ्यावर जो बी आहे तो शुद्ध ध, म्हणजे तेरावा. इथे तो चालतो, कारण पुढे कुठलीही जी सेव्हन वाट बघत नाही. ३२ मात्राखंडांपैकी पहिले १६ डीचे, मग ८ ई♭चे, पुन्हा ८ डीचे. सा इतका वेळ एका जागी थांबतो की आपल्या कानाला हे संगीत टू-फाइव्हच्या धावपळीपेक्षा लवकर जवळचं वाटतं. हिंदुस्तानी संगीतातून आलेल्या विद्यार्थ्याला मी म्हणूनच आधी हे देतो.

वाजवताना मधल्या सीच्या खालच्या ईपासून सुरुवात करा. डाव्या हाताची करंगळी ईवर, तर्जनी एवर. डी, जी, बी उजव्या हाताने. पाचही स्वर एकाच क्षणी आणि एकाच वजनाने पडले पाहिजेत. वरचा बी मात्र केसभर ठळक ठेवा, कारण ऐकणाऱ्याच्या मनात चाल म्हणून तोच राहतो.

१९६० ते १९६५ या काळात सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेनच्या चौकडीत पियानोवादक मकॉय टायनरने हीच चौथ्यांची भाषा बरीच पुढे नेली. डाव्या हाताने खोलात सा-पचा ठोका, मग वर चौथ्यांचे पुंजके थाटातल्या स्वरांवरून वर-खाली सरकवत नेणं. डी काफीत डी-जी-सी, ई-ए-डी, एफ-बी-ई, जी-सी-एफ असं पांढऱ्या पट्ट्यांवर चालत जाऊन बघा. एकच मायनर कॉर्ड, पण ती जिवंत राहते.

पंचमांवर रचलेलीही एक मांडणी आहे, पियानोवादक केनी बॅरनच्या नावाने ओळखली जाते. डाव्या हातात डी, ए, ई. उजव्यात एफ, सी, जी. दोन्ही हातांत पंचमावर पंचम, आणि दोन्ही हात जिथे भेटतात तिथे ई-एफ हे अर्ध्या सुराचं टोक. पूर्ण मायनर इलेव्हन, सहा स्वर, आणि तरी जराही गर्दी नाही. शांत गाण्याच्या शेवटच्या कॉर्डला याहून सुंदर काही मला माहीत नाही. अडचण एकच: दोन्ही हातांना नववा पल्ला लागतो. हात तेवढा उघडत नसेल तर ओढाताण करू नका, मनगटाला इजा होते. डावीकडे फक्त डी आणि ए, उजवीकडे एफ, जी, सी, ई घ्या. रंग तोच राहतो आणि हात सप्तकाच्या आत.

गाण्यात बसवताना

'ऑटम लीव्हज' हे जोसेफ कोस्माचं गाणं या अभ्यासाला सगळ्यांत सोयीचं, कारण त्यात निघालेली मायनर आणि घरी आलेली मायनर दोन्ही येतात. जी मायनरमध्ये पहिल्या ओळींच्या कॉर्ड डाव्या हातात, ए मायनर वगळता सा सोडून, अशा:

सी मायनर नाइन: ई♭, जी, बी♭, डी
एफ थर्टीन: ई♭, जी, ए, डी
बी♭ मेजर नाइन: डी, एफ, ए, सी
ई♭ मेजर नाइन: डी, एफ, जी, बी♭
ए मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह: जी, ए, सी, ई♭
डी सेव्हन, उतरलेल्या नवव्या-तेराव्यासह: एफ♯, बी♭, सी, ई♭
जी मायनर सिक्स-नाइन: ई, ए, बी♭, डी

हे सगळं मधल्या सीच्या खालच्या सप्तकात आणि थोडं वर बसतं. ई♭ मेजरनंतर हात एकदाच वर उडी घेतो. नाहीतर खाली सरकत सरकत आपण मघाच्या हद्दीबाहेर, चिखलात गेलो असतो. शेवटच्या दोन कॉर्ड सावकाश वाजवा. डी सेव्हनचे चारही स्वर एकेक पायरी उतरतात आणि जी मायनर येते. तिथला ई म्हणजे शुद्ध ध. त्या जागी एफ, म्हणजे कोमल नी, वाजवून बघा. घरी आल्याचं समाधान निम्मं होतं.

आता चाल उजव्या हाताने वाजवा. तुम्हाला काहीतरी टोचेल. या गाण्यात सी मायनरवर चालीचा लांब स्वर ई♭ आहे आणि जी मायनरवर बी♭. दोन्ही ठिकाणी चाल कॉर्डच्या कोमल गवर थांबते, आणि तुमच्या डाव्या हातात रे आहे. खाली रे, वरच्या सप्तकात कोमल ग: मधलं अंतर सप्तकाहून अर्धा सूर जास्त. जॅझमध्ये सगळ्यांत जास्त बोचणारं अंतर हेच. तेच रे-ग खेटून वाजले तर धार गोड लागते, सप्तकाने लांब गेले की बिघडतात. उपाय सोपा आहे. चाल गवर असेल तेव्हा नववा सोडा: सी मायनरला ई♭, जी, बी♭, सी आणि जी मायनरला ई, जी, बी♭, डी. चाल संपून सोलो सुरू झाला की नववा परत आणा. लीड शीटवर मायनर नाइन लिहिलेलं असलं तरी चालीचा मान आधी. तुमच्या इतर गाण्यांतही कॉर्ड बरोबर असून कडू का लागतेय असा प्रश्न पडला, तर आधी चालीचा स्वर आणि डाव्या हातातला नववा तपासा. दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

सरावाची माझी पद्धत सांगतो. एकाच आठवड्यात सगळ्या कॉर्ड घेऊ नका. आधी फक्त मायनर नाइनची दोन रूपं, बाराही पट्ट्यांवरून, प्रत्येक वेळी सा एक चौथा वर नेत: डी, जी, सी, एफ, बी♭ असं. चौथ्यांनी गेलात की जॅझमधल्या खऱ्या चालींचीच सवय लागते; काळी एक, पांढरी दोन असं क्रमाने चढत गेलात तर हात नुसताच सरकतो. डावा हात कॉर्ड धरेल तेव्हा सा तोंडाने गा. सा वाजत नसतानाही मनात उभा राहिला पाहिजे, आणि गाऊन तो जितका पक्का होतो तितका दुसऱ्या कशाने होत नाही. ते जमलं की मधल्या बोटाचा नाइन-इलेव्हन-थर्टीन खेळ, मग चौथ्यांची मांडणी, आणि मग गाणं.

पेडल सराव करताना बंद ठेवा. पेडलखाली सगळंच मखमली वाटतं आणि कुठला स्वर घासतोय ते कळत नाही. गाण्यात वापराल तेव्हा कॉर्ड बदलली की लगेच उचला, कारण इतक्या स्वरांच्या दोन कॉर्ड एकमेकांत मिसळल्या तर खालची सगळी निवड वाया जाते.

आणि कॉर्ड धरून ठेवू नका. चार मात्रांच्या खंडात पहिल्या मात्रेवर एकदा आणि दुसरी-तिसरीच्या मधोमध एकदा, अशी दोनदाच वाजवा. पहिली जरा लांब, दुसरी तोडलेली. उरलेली जागा बासला आणि चालीला मोकळी सोडा. मायनर इलेव्हन अशी तुटक, योग्य जागी पडली की ती भरगच्च धरून ठेवण्यापेक्षा कितीतरी जास्त बोलते. ही लय आधी एकाच कॉर्डवर, सो व्हॉटच्या त्या १६ मात्राखंडांवर बसवा. तिथे ती सहज येऊ लागली की मग ऑटम लीव्हजला हात घाला.